डोंगल तुटला, बिल हातात आहे, काम बंद आहे: आता काय?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागात डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणं) आणि लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्या एका भाऊंनी २०११ मध्ये मराठी टाइपसेटिंगचं पॅकेज रीतसर बिलावर घेतलं. सोबत यूएसबी डोंगल आला, म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक किल्ली, जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. परवा झाडू मारताना सीपीयूला धक्का लागला, डोंगल वाकला आणि सॉफ्टवेअर ‘लॉक सापडत नाही’ म्हणून उघडेनासं झालं. विक्रेता म्हणतो, ते व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या, पूर्ण किमतीत. गल्लीतला एक पोरगा म्हणतो, ५०० रुपयांत क्रॅक टाकून देतो, म्हणजे लॉक काढून टाकलेली फाइल. शेजारच्या दुकानात हेच पॅकेज कित्येक वर्षं क्रॅकवर बिनबोभाट चालू आहे. भाऊ विचारतात: बिल माझ्याकडे आहे, मग क्रॅक टाकला तर काय बिघडलं? आणि पैसे मोजणाऱ्यानेच मार का खायचा?

नागपुरात प्रेस, सीए ऑफिसं आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळण्यात माझी नोकरी-धंद्याची बहुतेक वर्षं गेली. हा प्रश्न मला नवीन नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, तो वाकलेला डोंगल फेकू नका. त्याचे तुकडे झाले असले तरी डबीत घालून ठेवा. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा असतो की खराब झालेला डोंगल परत दिला तर थोड्या शुल्कात बदलून मिळतो, पण हरवला असेल तर नवीन लायसन्स घ्यावं लागतं. म्हणजे तुम्ही जे विकत घेतलं ते सगळं त्या अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकमध्ये आहे, सीडीत किंवा बिलात नाही. विक्रेत्याने तोंडी ‘नाही’ म्हटलं असेल तर थेट कंपनीला ईमेल करा. डोंगलवर कोरलेला नंबर, बिलाचा फोटो आणि तुटलेल्या डोंगलचा फोटो जोडा. विक्रेत्याला नवीन प्रत विकण्यात कमिशन आहे, बदलून देण्यात नाही, हे लक्षात ठेवून त्याचं ऐका.

उत्तर येईपर्यंत डोंगल मागच्या बाजूच्या पोर्टला लावून पाहा, शक्यतो यूएसबी २.० च्या. दिवा असलेला डोंगल असेल आणि दिवा लागत असेल तर चिप जिवंत आहे. अनेकदा फक्त पुढचा धातूचा कनेक्टर निखळलेला असतो. यूएसबी २.० च्या चार तारांचं ते काम. सीताबर्डीत मायक्रोस्कोपखाली मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर आहेत, त्यांना ते अवघड नाही. फक्त क्रम चुकवू नका. आधी कंपनीला विचारा, मग उघडा. उघडलेला डोंगल बदलून द्यायला अनेक जण नकार देतात.

आता मार तुम्हीच का खाता ते.

डोंगलच्या आत एक छोटी चिप असते. सॉफ्टवेअर तिला अधूनमधून एक कोडं घालतं, चिप आतल्या गुप्त किल्लीने उत्तर देते, उत्तर जुळलं की काम पुढे चालतं. डोंगलऐवजी काही सॉफ्टवेअर इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेशन मागतात. त्यात चिपच्या जागी तुमच्या मशीनची ओळख वापरतात: मदरबोर्ड, हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड यांचे नंबर मिसळून एक ठसा काढायचा आणि तो कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवायचा. क्रॅक करणारा सहसा या कोड्याचं उत्तर शोधत बसत नाही. ‘उत्तर जुळलं का?’ हे जिथे विचारलं जातं ती जागाच तो प्रोग्रॅममधून काढून टाकतो. हे काम जगात एका माणसाने एकदा करायचं, बाकी सगळे ती फाइल उतरवून घेतात. म्हणून चोरीच्या प्रतीत लॉक नसतोच. तो असतो फक्त बिलावर घेतलेल्या प्रतीत, आणि तिथे तो रोज, प्रत्येक वेळी, आयुष्यभर तपासणी करत राहतो. त्या तपासणीत जे काही चुकेल ते पैसे देणाऱ्याच्याच अंगावर येणार. लग्नात आमंत्रण घेऊन आलेल्या पाहुण्याची दारात झडती घ्यावी आणि मागच्या भिंतीवरून आलेला आधीच पंगतीत जेवत असावा, तसा हा प्रकार.

चुकण्यासारखं काय काय असतं? इथे मला खूप सांगता येईल, कारण दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींत हा मोठा हिस्सा आहे.

सगळ्यात स्वस्त बिघाड मदरबोर्डावरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलचा. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मुदतीच्या लायसन्सवर चालणारं सॉफ्टवेअर समजतं की मालकाने मुद्दाम घड्याळ मागे नेलं, आणि कुलूप घालतं. काही पॅकेजं नंतर तारीख नीट केली तरी मानत नाहीत, कंपनीकडून नवीन फाइल मागवावी लागते. सेल मिळतो चहा-पोह्याच्या पैशांत आणि काम अडतं दोन दिवस. काही मुदतीच्या डोंगलांच्या आतही घड्याळ आणि बॅटरी असते. ती संपली की डोंगल दिसायला धडधाकट पण कामातून गेलेला.

दुसरा बिघाड नेटवर्क कार्डाचा. लायसन्स अनेकदा कार्डाच्या मॅक नंबरला, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असतं. आपल्याकडे जून उजाडला की विजा कडकडतात, लॅनची तार एका इमारतीतून दुसरीत गेलेली असते, आणि पहिल्याच वादळात पोर्ट जळतं. नवीन कार्ड टाकलं की सॉफ्टवेअरच्या लेखी मशीन बदललं. काही वेळा तर काहीच जळलेलं नसतं. लायसन्स घेताना लावलेला यूएसबी वाय-फाय कोणीतरी काढून ठेवलेला असतो, आणि लायसन्स नेमकं त्याच्याच नंबरवर बसलेलं असतं.

तिसरा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला डोंगलशी बोलायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. जुने डोंगल ३२ बिटच्या ड्रायव्हरवर चालत. ६४ बिट विंडोजला डिजिटल सही केलेला ६४ बिट ड्रायव्हर लागतो, आणि कंपनीने तो काढला नसेल तर डोंगल शाबूत असूनही निरुपयोगी. विंडोज ११ मधली मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा चालू केली की आणखी काही जुने ड्रायव्हर बाद होतात. त्याहून जुने, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागणारे डोंगल ज्यांच्याकडे आहेत त्यांनी बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल घेऊन पैसे घालवू नयेत. ती केबल प्रिंटरपुरती असते, डोंगलशी थेट बोलणं तिला सहसा जमत नाही. मदरबोर्डात बसणारं पॅरलल कार्ड कधी चालतं, कधी नाही. चालेलच अशी खात्री देऊन कोणी विकत असेल तर परत घेण्याच्या बोलीवर घ्या.

अँटिव्हायरसचं तर विचारूच नका. लॉकचा कोड मुद्दाम गुंतागुंतीचा करून लपवलेला असतो, आणि व्हायरसही तसाच लपतो. त्यामुळे एखाद्या सकाळी अपडेटनंतर अँटिव्हायरस तुमच्या विकतच्या सॉफ्टवेअरची फाइल उचलून कोंडून टाकतो.

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या पॅकेजांचं दुखणं आहे असं समजू नका. २००५ मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडींवर असं कॉपी प्रोटेक्शन घातलं की सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकताच ते विंडोजमध्ये लपून बसे. त्या लपण्याच्या सोयीचा फायदा पुढे व्हायरसवाल्यांनी घेतला आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. फुकटात एमपीथ्री उतरवणाऱ्याला यातलं काही झालं नाही. दुकानातून सीडी विकत घेणाऱ्याचं मशीन मात्र उघडं पडलं. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा अस्सलपणा तपासणारा सर्व्हर जवळजवळ दिवसभर बिघडला आणि विकतचं विंडोज वापरणाऱ्या हजारो लोकांना ‘तुमची प्रत अस्सल नाही’ असा शेरा मिळाला. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्यात सेफडिस्क या जुन्या लॉकचा ड्रायव्हर वगळला, कारण तो सुरक्षेला धोका होता. त्या लॉकच्या विकतच्या गेम सीडी त्यानंतर चालेनाशा झाल्या. मायक्रोसॉफ्टचा निर्णय बरोबर होता, पण ज्याच्या कपाटात अस्सल सीडी त्याचंच नुकसान झालं.

आता क्रॅकचं बोलू. मी वकील नाही, पण कलमं वाचली आहेत.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हरवणं, खराब होणं यापासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करण्याची मुभा आहे. पण सीडीच्या दहा बॅकअप प्रती काढल्या तरी डोंगलशिवाय एकही चालत नाही. कायद्याने दिलेली मुभा लॉकने कागदावरच ठेवली. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. त्यानुसार तांत्रिक संरक्षण चुकवणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाच्या उद्देशाने केलं असेल तर. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी लॉक चुकवला तर त्याला अपवाद आहे. म्हणजे बिल असलेल्या माणसाला युक्तिवादाला जागा आहे. ती किती टिकेल हे लायसन्सच्या करारात काय लिहिलंय त्यावरही आहे. त्या अपवादातही एक गमतीची अट आहे: लॉक चुकवायला मदत करणाऱ्याने मदत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. ५०० रुपयांवाला पोरगा असलं रजिस्टर ठेवत असेल असं मला वाटत नाही. आणि मुळात बिलच नसलेल्या शेजाऱ्याला तर काहीच आधार नाही. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरण्यासाठी कलम ६३ब मध्ये कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

पण खरं सांगू का, मी तुम्हाला क्रॅक टाकू नका म्हणतो ते कायद्याच्या धाकाने नाही. स्टॉप किंवा डेजावू नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक आणि कीजनच्या (खोटे सिरीयल नंबर बनवणाऱ्या) फाइलींतूनच पसरलं. ते डिस्कवरच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करतं आणि पैसे मागतं. काही प्रकारांवर २०१९ पासून मोफत उपाय आहे, नवीन प्रकारांवर बहुधा नाही. शेजाऱ्याला काही झालं नाही हे त्याचं नशीब. क्रॅक चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना हमखास असते, ती पाळणारा माणूस दरवाजा स्वतःच उघडून देतो. तुमच्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या पत्रिका, आधारकार्डाच्या प्रती, बँकेचे पासवर्ड आहेत. एका डोंगलपायी ते सगळं पणाला लावू नका.

कंपनीची बाजू अजिबात नाही असंही म्हणणार नाही. मराठी सॉफ्टवेअरची बाजारपेठ आधीच लहान, त्यात एक प्रत घेऊन ती अख्ख्या गल्लीत फिरवायची आपली रीत. लॉक नसता तर यातली काही पॅकेजं दुसऱ्या वर्षापर्यंतही पोचली नसती. मी स्वतः ग्राहकांकडे डोंगल बसवून दिले आहेत. माझा राग लॉक असण्यावर नाही. कंपनीने लॉक लावायचा आणि तो तुटल्यावरची जबाबदारी ग्राहकावर सोडायची, यावर आहे. अडोबीने २०१२-१३ च्या सुमारास सीएस२ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न मागणारी प्रत आणि सिरीयल नंबर उपलब्ध करून दिले होते. स्टाइनबर्गने २०२२ मध्ये संगीताच्या आपल्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची यूएसबी डोंगलची सक्ती काढली. म्हणजे मनात आणलं तर होतं. तुमच्या ईमेलमध्ये अडोबीचा दाखला जरूर द्या आणि स्पष्ट मागा: व्हर्जन बंद केलं असेल तर ते लॉकशिवाय चालणारी फाइल द्या, नाहीतर जुन्या ग्राहकाच्या दराने नवीन व्हर्जन. दुसरी मागणी बरेचदा मान्य होते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

ग्राहक मंचाचं विचाराल तर २०१९ च्या कायद्यात, स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ‘ग्राहक’ ठरू शकतो, त्यामुळे छोटा डीटीपीवाला आपोआप बाहेर पडत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. मात्र २०११ च्या बिलावर ‘आजन्म सेवा’ असं काही लिहिलेलं नसेल, तर तुमचा दावा मला कमजोर वाटतो. हेल्पलाइनपर्यंत जा, त्यापुढे वेळ घालवण्याआधी वकिलाला विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोंगल दुरुस्त झाला किंवा बदलून मिळाला, की पहिलं काम नवीन पत्रिका करायची नाही. आधी जुना माल बाहेर काढायचा.

मराठीच्या जुन्या पॅकेजांत मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या एकाच अक्षर-संकेतात, नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असतात: काना वेगळा, अर्धं अक्षर वेगळं, रफार वेगळा. तो फॉन्ट आणि ते पॅकेज नसेल तर तीच फाइल उघडल्यावर नुसता कचरा दिसतो. दुकान बंद पडलं नाही तरी पंधरा वर्षांचे मजकूर, देवस्थानांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, दसऱ्याला दीक्षाभूमीवर विक्रीसाठी छापलेल्या पुस्तिकांच्या मूळ फाइली, हे सगळं एका डोंगलच्या भरवशावर आहे. पुढच्या वर्षी तीच पुस्तिका दोन ओळी बदलून छापायची म्हटली तर नव्याने टाइप करायची का?

म्हणून लॉक चालू असेपर्यंत प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या तीन गोष्टी काढा. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ. चित्राक्षरं आणि बोधचिन्हांची, अक्षरांच्या रेषा करून काढलेली ईपीएस किंवा एसव्हीजी. आणि मजकुराची युनिकोड प्रत. युनिकोड करायला बहुतेक प्रचलित फॉन्टांचे कन्व्हर्टर मिळतात, काही पॅकेजांत ती सोय आतच असते. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ सारखी अक्षरं डोळ्याखालून घाला, चुका तिथेच होतात. पेजमेकरच्या फाइली असतील तर आणखी घाई करा. त्या अडोबीच्या इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंतच उघडत, पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढली. हे काम डिसेंबरात, अधिवेशनाच्या छपाईच्या धांदलीत होणार नाही. लग्नसराई संपल्यावर पावसाळ्यात होतं, तेव्हाच एक पोरगा त्यासाठी बसवा.

जुनं पॅकेज जुन्याच विंडोजवर चालत असेल तर तो कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून वेगळा ठेवा, किंवा नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) करून त्यात जुनं विंडोज टाका आणि डोंगल त्याला जोडून द्या. यूएसबी डोंगल बहुतेक वेळा चालतो. डोंगल समोरच्या पोर्टला कधीही लावू नका. वीतभर एक्स्टेन्शन केबल मागच्या पोर्टला लावा आणि डोंगल टेबलाखाली चिकटपट्टीने बांधून टाका. दुकानाचा विमा असेल तर एजंटला विचारा की डोंगलची नोंद लायसन्सच्या किमतीने होते का. नाहीतर नुकसानभरपाईत तो पेनड्राइव्हच्या भावाने धरतील.

नवीन घ्यायचंच ठरलं तर डेमो पाहताना फॉन्ट किती आणि बॉर्डर किती हे शेवटी विचारा. आधी विचारा: मशीन बदललं तर लायसन्स मी स्वतः हलवू शकतो की दर वेळी फोन करावा लागेल? टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फॉरमॅट करण्याआधी लायसन्स सरेंडर करायची सोय असते, तशी इथे आहे का? इंटरनेट नसताना किती दिवस चालेल? अडोबीचं वार्षिक सदस्यत्व घेतलं तर ९९ दिवसांपर्यंत ऑफलाइन चालतं, ऑटोडेस्कच्या सबस्क्रिप्शनला ३० दिवसांत एकदा तरी जोडणी लागते. सबस्क्रिप्शन संपल्यावर माझ्या फाइली निदान उघडून पाहता, छापता येतील का? आणि कंपनी बंद पडली किंवा व्हर्जन मागे घेतलं तर काय? विक्रेता ‘काही होत नाही भाऊ, मी आहे ना’ म्हणेल. त्याला म्हणा, हेच बिलावर लिहून दे. लिहून देणारा क्वचित भेटतो, पण जो भेटेल त्याला दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

निव्वळ मजकुराच्या कामाला आता लॉकवालं पॅकेज लागतंच असं नाही. मुक्ता, बलू, नोटो हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, इंकस्केप (चित्रं-नक्षीसाठी) आणि लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरांत मराठी नीट बसते, पानं जुळवायच्या मोफत स्क्राइबसच्या १.६ आवृत्तीतही जोडाक्षरं जुळतात. पत्रिकांचे नक्षीदार, कॅलिग्राफीचे फॉन्ट मात्र खुल्यात तितके नाहीत, तिथे विकतच्या पॅकेजांचा हात धरावाच लागतो. मी तुमच्या जागी असतो तर अहवाल, पुस्तिका, बिलबुकं युनिकोडवर हलवली असती आणि डोंगलवालं पॅकेज फक्त पत्रिकांपुरतं ठेवलं असतं. म्हणजे उद्या पुन्हा कोणाचा झाडू लागला तर अर्धं दुकान तरी चालू राहील.

कंपनीला ईमेल आजच टाका. उत्तर काय येतं ते इथे कळवा. डोंगलवरचा नंबर खोडून त्याचा फोटोही टाका. कनेक्टर तुटलाय की बोर्ड चिरलाय ते फोटोवरून बरंचसं सांगता येईल.